हाऊसफुल्लची पाटी आणि दोन कोक: मिशिगन, २०१४

२३ सप्टेंबर २०१४, मंगळवार. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे एक जाहिरात फिरायला लागली: कोका-कोलाच्या दोन बाटल्या विकत घ्या आणि मिशिगन विद्यापीठाच्या शनिवारच्या मिनेसोटाविरुद्धच्या फुटबॉल सामन्याची दोन तिकिटं घेऊन जा. ज्या सामन्यांच्या तिकिटांसाठी लोक वर्षानुवर्षं देणग्या देत आले, बापाच्या जागा मुलाकडे आल्या, त्या सामन्याचं तिकीट थंड पेयाच्या बाटलीबरोबर, साबणावर चमचा फुकट मिळावा तसं. बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. विद्यापीठाच्या क्रीडाखात्याने योजना लगेच मागे घेतली आणि याला रीतसर मंजुरी नव्हती असा खुलासाही केला. पण तोवर शेजारच्या, कट्टर वैरी ओहायो राज्यात हसून हसून लोकांची पोटं दुखायला लागली होती.

मराठी नाटकवाल्यांना हा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. पास वाटून तिकीट खिडकीवर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लावायची, आणि मग कुणीतरी आत येऊन बाल्कनीतल्या मोकळ्या खुर्च्या मोजायच्या, हे आपल्याला नवीन नाही. फरक प्रमाणाचा आहे. ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये तेव्हा १,०९,९०१ माणसं बसायची सोय होती. मुंबईची तीन वानखेडे त्यात रिचवूनही जागा उरली असती. आणि हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. शिरस्त्राण घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून, एकमेकांना आडवं पाडत खेळायचा अमेरिकी खेळ. खेळणारे कॉलेजातली पोरं.

या प्रकरणात एक विद्यापीठ, एक हंगाम आणि एक आकडा आहे. तो आकडा आहे एक लाख.

मिशिगन स्टेडियम १९२७ साली उघडलं. साठच्या दशकात तिथे साध्या शनिवारी हजारो बाकं मोकळी असायची. गावात कुणाला त्याचं फार वाईटही वाटत नसे. १९६८ मध्ये डॉन कॅनहॅम क्रीडासंचालक झाले. हा माणूस मूळचा ॲथलेटिक्सचा, पण विक्रीत तरबेज. घरोघर पत्रकं पाठवून त्यांनी फुटबॉलचा शनिवार कुटुंबाची सहल करून टाकला. पुढच्याच वर्षी बो शेम्बेक्लर प्रशिक्षक म्हणून आले आणि १९६९ मध्ये त्यांनी कट्टर वैरी ओहायो स्टेटला २४-१२ असं लोळवलं, १,०३,५८८ लोकांसमोर. ८ नोव्हेंबर १९७५ च्या पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यापासून २०१४ पर्यंत ॲन आर्बरच्या एकाही सामन्याची नोंदलेली उपस्थिती एक लाखाखाली गेली नाही. चाळीसेक वर्षांची अखंड माळ. ध्वनिक्षेपकावरून दर सामन्याला प्रेक्षकांचे आभार मानले जात: आज अमेरिकेत फुटबॉल बघायला जमलेल्या सर्वांत मोठ्या गर्दीत सामील झाल्याबद्दल. ते ऐकायला लोक थांबत. १९९८ ते २०१३ अशी सोळा वर्षं सरासरी उपस्थितीत देशात पहिला नंबर मिशिगनचाच होता.

त्या काळात मिशिगनवाल्यांना गर्दीची केवढी खुमारी होती याचा एक नमुना. पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉक नावाचं एक छोटं कॉलेज आहे. नाव गमतीचं म्हणून ॲन आर्बरमध्ये त्याच्या सामन्यांचे निकाल ध्वनिक्षेपकावर सांगायची प्रथा पडली, लोक टाळ्या वाजवायचे. १९७९ मध्ये त्या कॉलेजचा खरोखरचा सामना इथेच भरवला, तर ६१,१४३ लोक आले. कुणाशी काही देणंघेणं नसलेल्या दोन संघांसाठी! एवढं मुरलेलं गिऱ्हाईक पस्तीस वर्षांनी दोन कोक घेऊनही यायला का कू करतं?

सोपं उत्तर ‘संघ हरत होता’. ते खरंही आहे. ६ सप्टेंबरला नोत्र दाम विद्यापीठाने ३१-० असं धुतलं. १९८४ नंतर मिशिगनला एकही गुण न मिळण्याची ही पहिली वेळ. वरून त्यांच्या स्टेडियममध्ये कोंबडीनाचाचं गाणं वाजलं. कारण ही जुनी लढत नोत्र दामने थांबवली तेव्हा मिशिगनचे प्रशिक्षक ब्रेडी होक म्हणाले होते की ते घाबरून कोंबडीसारखे पळतायत. २० सप्टेंबरला युटाविरुद्ध घरच्या मैदानावर २६-१० अशी हार. त्यात विजांचा कडकडाट झाल्याने सामना दोन तासांहून जास्त थांबला, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा स्टेडियमचा मोठा भाग घरी जाऊन अंथरुणात शिरला होता. त्या मोकळ्या बाकांची छायाचित्रं ओहायोच्या खूप कामाला आली.

पण हरणारे संघ मिशिगनने आधीही पाहिले होते. २००८ मध्ये तर बारापैकी नऊ सामने हरले होते आणि आकडा लाखाच्या वर राहिला. २०१४ मध्ये हरण्याच्या आधीच काहीतरी बिनसलं होतं, आणि ते सर्वांत आधी विद्यार्थ्यांच्या कट्ट्यावर दिसलं.

क्रीडासंचालक तेव्हा डेव्ह ब्रँडन होते. शेम्बेक्लरच्या हाताखाली ते स्वतः खेळलेले. पुढे डॉमिनोज पिझ्झाचे प्रमुख. २०१० मध्ये परत आले ते ‘ब्रँड’ हा शब्द घेऊन. पिझ्झावरून त्यांना बरेच टोमणे बसले, त्यात मी भर घालत नाही. त्यांच्या काळात उत्पन्न वाढलं, नव्या इमारती झाल्या, रात्रीचे झगमगाटी सामने सुरू झाले, २०१३ मध्ये नोत्र दामविरुद्ध १,१५,१०९ असा विक्रमी आकडा लागला. पण त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या बसण्याची जुनी रीत मोडली. पूर्वी वरच्या वर्गातल्या मुलांना पुढच्या जागा मिळत. पहिली वर्षं मागे बसून काढली की हक्काने पुढे यायचं. नव्या रीतीत जो आधी येईल तो पुढे बसेल. कारण होतं की पोरं उशिरा येतात आणि टीव्हीवर त्यांचा कोपरा ओकाबोका दिसतो. म्हणजे बाकं भरलेली दिसावीत म्हणून केलेला उपाय! शेवटच्या वर्षाच्या मुलांनी कपाळाला हात लावला. २०१४ च्या हंगामाला विद्यार्थ्यांचं तिकीट सात सामन्यांना २८० डॉलर होतं. आदल्या वर्षी जवळपास वीस हजार मुलांनी हंगामी तिकिटं घेतली होती. २०१४ मध्ये ती संख्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घसरली.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. कॉलेजच्या मैदानावर गर्दीतला आवाज विद्यार्थ्यांचा असतो. माजी विद्यार्थी पैसे देतात, टाळ्या वाजवतात, थंडी पडली की सामन्याच्या शेवटच्या पाव भागात मोटारीकडे निघतात. उभं राहून चार तास ओरडतो तो वीस वर्षांचा पोरगा. तो एकदा घरी बसायला शिकला की दहा वर्षांनी तोच माजी विद्यार्थीही घरीच बसतो. क्रीडाखात्याचे हिशेब हंगामाचे होते. नुकसान पिढीचं होत होतं.

मोठ्यांच्या तक्रारी वेगळ्या. चांगल्या जागांसाठी तिकिटावर वेगळी देणगी कित्येक वर्षांपासून चालू होतीच. त्यात मागणीप्रमाणे बदलणारे दर आले. आणि २०१४ चं घरचं वेळापत्रक? ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, नोत्र दाम हे तिन्ही वैरी बाहेरच्या मैदानावर. मिशिगन स्टेट तर सलग दुसऱ्या वर्षी बाहेर. घरी कोण, तर ॲपलाचियन स्टेट, ओहायोतलंच मायामी, युटा, मिनेसोटा, पेन स्टेट, इंडियाना, मेरीलँड. पंगतीला बोलवायचं, ताटाचे पैसे वाढवायचे आणि पानात जिलबीच नाही.

म्हणून दोन कोकांची गंमत एवढी झोंबली. ज्याने सप्टेंबरआधी पूर्ण पैसे मोजले त्याला कळलं की आपल्या शेजारची खुर्ची दोन बाटल्यांत गेली. फुकट तिकिटाने मोकळी खुर्ची भरते, पण शेजारच्या भरलेल्या खुर्चीची किंमत खाली येते. नाट्यनिर्मात्यांना हे पाठ आहे. पास वाटायचेच तर गुपचूप वाटतात.

आता ओहायोकडे येऊ. या दोन राज्यांचं वाकडं फुटबॉलच्याही आधीचं आहे. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या. टोलेडो ओहायोला मिळालं. फुटबॉलमध्ये ओहायो स्टेटचे वुडी हेज मिशिगनचं नावही घेत नसत, ‘तो वरच्या अंगाचा संघ’ म्हणत. गाडीतलं पेट्रोल संपत आलं तरी मिशिगनमध्ये भरणार नाही, गाडी ढकलत सीमेपार नेऊ, असं ते म्हणाल्याची दंतकथा आहे. आजही सामन्याच्या आठवड्यात कोलंबस शहरात विद्यापीठाच्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारतात. अशा माणसांच्या हातात दोन कोकांची जाहिरात पडली. चिडवण्याचा सूर साधारण असा: आमच्याकडे एक कोक घेतला तर मिशिगनची चार तिकिटं मिळतात, दोन घेतले तर खेळावं लागतं.

विनोद असे असतात, चालायचंच. पण चिडवणाऱ्यांनी आकडेही पुढे केले, आणि ते आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

२०१४ च्या हंगामाअखेर सरासरी अशी: ओहायो स्टेट १,०६,२९६, टेक्सस ए अँड एम १,०५,१२३, मिशिगन १,०४,९०९. सोळा वर्षांचा पहिला नंबर गेला आणि गेला तोही ओहायोकडे. आदल्या वर्षी मिशिगनची सरासरी १,११,५९२ होती, म्हणजे एका वर्षात दर सामन्याला साडेसहा हजारांहून जास्त घट. इथवर ओहायोवाल्यांची बाजू पक्की.

पण सामन्यागणिक आकडे मांडले की चित्र जरा हलतं. दोघांचे घरचे सामने सात-सात. सातही मिळून मिशिगनची बेरीज ७,३४,३६४, ओहायोची ७,४४,०७५. फरक ९,७११ माणसांचा, अख्ख्या हंगामात. ओहायोचा सर्वांत मोठा सामना कुठला? मिशिगनविरुद्धचा, १,०८,६१०. ज्याला हसायचं त्याच्याच येण्याने घरची गर्दी वाढली. तो सामना वगळला तर ओहायोची सरासरी १,०५,९११ होते. तरीही वरच, पण थोडी. उलट ११ ऑक्टोबरला पेन स्टेटविरुद्धच्या रात्रीच्या सामन्याला मिशिगनने १,१३,०८५ माणसं जमवली. २०१० च्या जनगणनेत अख्ख्या ॲन आर्बर शहराची लोकसंख्या १,१३,९३४ होती! ओहायोला त्या वर्षी हा आकडा एकदाही गाठता आला नाही. अर्थात तो एक सामना काढला तर मिशिगनची सरासरी १,०३,५४६ वर येते, आणि ती बाकीच्या सहा शनिवारांची खरी कथा आहे.

माझ्या मते सगळ्यांत मजेशीर दिवस २२ नोव्हेंबर. एकाच शनिवारी दोघांचेही घरचे सामने. मिशिगन मेरीलँडकडून २३-१६ ने हरला. हंगाम संपल्यात जमा, प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात, उपस्थिती १,०१,७१७, वर्षातली सर्वांत कमी. तिकडे कोलंबसमध्ये ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीत, समोर इंडियाना, आणि त्यांनी ४२-२७ ने सामना जिंकलाही. उपस्थिती? १,०१,४२६. दोघांच्या चौदा सामन्यांतला नीचांक, आणि तो मिशिगनचा नव्हे.

म्हणजे ज्या दिवशी मिशिगनला चिडवायला सगळ्यांत जास्त कारण होतं, त्या दिवशी चिडवणाऱ्यांच्या घरी मिशिगनपेक्षा २९१ माणसं कमी होती. हे कुणी सांगितलं नाही, कारण कोलंबसचं स्टेडियम लहान. त्याची क्षमता त्या वर्षी दक्षिण बाजूला बाकं वाढवून १,०४,९४४ केली होती. तिथे १,०१,४२६ माणसं बसली की साडेतीन हजारच जागा मोकळ्या दिसतात. ॲन आर्बरमध्ये तेवढीच माणसं बसली की आठ हजार मोकळ्या. टीव्हीचा कॅमेरा माणसं मोजत नाही, ॲल्युमिनियमची मोकळी बाकं दाखवतो. मिशिगनचं भांडं मोठं म्हणून त्यातली पोकळी मोठी दिसली. आणि भांडं मोठं केलं कुणी? त्यांनीच, सर्वांत मोठी गर्दी म्हणवून घ्यायला.

आकड्यांच्याही आत शिरावं लागतं. १,०९,९०१ जागांच्या स्टेडियममध्ये १,१५,१०९ माणसं कशी मावतात? प्रेक्षकांखेरीज बँडची मुलं, पत्रकार, दारावरचे कर्मचारी, खाऊ विकणारे असे आत असलेले लोक धरले तर. जाहीर आकडा म्हणजे बाकावर टेकलेल्या माणसांची शिरगणती नव्हे. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१८ मध्ये अनेक विद्यापीठांकडून दारावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या तिकिटांचे आकडे मिळवले, तेव्हा ते जाहीर उपस्थितीच्या सरासरी ७१ टक्के निघाले. ॲन आर्बरच्या शेजारीच इप्सिलांटी गावात ईस्टर्न मिशिगन विद्यापीठ आहे. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत टिकायला तेव्हा सरासरी १५,००० प्रेक्षक दाखवावे लागत. तर त्यांनी पेप्सीच्या करारातल्या पैशांतून स्वतःचीच तिकिटं ३ डॉलर दराने विकत घेतली होती. एका गावात कोक, शेजारच्या गावात पेप्सी. दोन्हीकडचं दुखणं एकच. ईस्टर्न मिशिगनवाल्यांना मात्र ओहायोसारखा वैरी नव्हता हसायला.

एकमेकांना उपस्थितीवरून चिडवणारे चाहते अशा आकड्यांवर भांडतात, जे दोघांनाही पुरते खरे वाटत नाहीत. मग चिडवणं लागतं का? मिशिगनला लागलं, कारण त्यांनी स्वतःच त्या आकड्याची चाळीस वर्षं मिरवणूक काढली होती. मिरवणूक मोठी असली की धिंडही मोठी निघते.

आणि यात मिशिगनच्या स्वतःच्या चाहत्यांचा हातभार कमी नव्हता, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मिनेसोटाचा सामना कोकशिवायच झाला, १,०२,९२६ नोंद लागली, मिशिगन ३०-१४ ने हरला. त्यात तरुण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) शेन मॉरिस डोक्याला जबर धडक बसून झोकांड्या खात होता, साथीदाराने त्याला आधार दिला, तरी त्याला पुढच्या खेळीला मैदानात ठेवलं, थोड्या वेळाने पुन्हा एकदा आत पाठवलं. घरचे प्रेक्षक त्यावर ओरडले, हुर्यो उडवली. मेंदूला मार बसला असावा, ही कबुली खात्याने दोन रात्रींनंतर, मध्यरात्र उलटल्यावर दिली. ३० सप्टेंबरला विद्यार्थ्यांनी ब्रँडन यांना काढा म्हणून मोर्चा काढला आणि तो विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरापर्यंत नेला. ऑक्टोबरअखेर ब्रँडन यांनी नाराज चाहत्यांना दिलेली काही ईमेल उत्तरं बाहेर आली. एकात दुसरा संघ शोधा, तुमच्यावाचून आमचं अडणार नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. ३१ ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला.

‘तुमच्यावाचून अडणार नाही’ हे मोकळ्या बाकांच्या वर्षी लिहायचं, ही हिंमत म्हणायची की आंधळेपणा? आपल्याकडे एखादा निर्माता प्रेक्षकाला असं म्हणाला असता तर रात्रीच्या प्रयोगाला पडदा उघडायला माणूस उरला नसता.

ओहायोवाले मोकळ्या बाकांना ‘प्रेम आटलं’ म्हणत होते. मला ते रुसणं वाटतं, आणि रुसलेला माणूस परत येतो की नाही हे पुढच्या वर्षी बघायला मिळालं. २ डिसेंबरला होक गेले, ३० डिसेंबरला जिम हारबॉ आले. तेही शेम्बेक्लरच्या तालमीतले, मिशिगनचे जुने क्वार्टरबॅक. विद्यार्थ्यांचं हंगामी तिकीट २८० वरून १७५ डॉलरवर आलं. स्टेडियमची क्षमता मात्र कमी झाली, १,०७,६०१. म्हणजे भांडंही थोडं लहान केलं. मिशिगन स्टेट आणि ओहायो स्टेट हे दोघेही वैरी त्या वर्षी घरी येणार होते, म्हणजे पानात जिलबी. हारबॉंमुळे किती आले, स्वस्ताईमुळे किती आणि वेळापत्रकामुळे किती, हे सुटं करता येत नाही. तसा दावा करणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

२०१५ ची सरासरी १,१०,१६८ आली. पहिला नंबर परत मिळाला. ओहायो स्टेट १,०७,२४४ वर, म्हणजे त्यांचीही वाढलीच; मधल्या काळात जानेवारीत ओरेगॉनला ४२-२० ने हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले होते ना.

२८ नोव्हेंबर २०१५ ला ओहायो स्टेट ॲन आर्बरला आलं. उपस्थिती १,११,८२९, क्षमतेपेक्षा चार हजारांवर जास्त, तिकिटांबरोबर थंड पेय कुणी देत नव्हतं. ओहायोने मिशिगनला ४२-१३ असं हरवलं. गर्दीवरून चिडवायची त्या संध्याकाळी त्यांना गरजच पडली नाही.